लाल गाडीचं मंगळवारचं दुखणं

आमच्या मास्तरांकडं गाडी आणायची असेल तर आधीच सांगून ठेवते, बॉनेट लगेच उघडलं जाणार नाही. आधी तुमची उलटतपासणी होईल. कुठून आलात, वाटेत कुठं थांबलात, चालवत कोण होतं, निघण्याआधी काय काय केलंत. नवं गिऱ्हाईक वैतागतं आणि माझ्या चहाच्या लारीकडं बघून म्हणतं, "काकी, इनको बोलो ना, गाडी देखे." मी म्हणते, बाबा रे, हा माणूस माझं ऐकणारा असता तर मी देवाकडं दुसरं काही मागितलंच नसतं.

नाव सुकदेव, पण सुरतेत आमच्या पर्वत पाटिया भागात सगळे मास्तरच म्हणतात, आणि नवऱ्याचं नाव कशाला घ्या म्हणून मीही तेच म्हणते. शाळेतले मास्तर नव्हेत हो! अमळनेरहून सुरतला आलो तेव्हा ते कापडाच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, माग दुरुस्त करायचे, त्या माणसाला इथं मास्तर म्हणतात. धागा सारखा तुटायला लागला की बाकीचे पाना घेऊन मागाला भिडायचे. हे मात्र कारागिराशेजारी उभे राहून नुसते त्याचे हात बघायचे. खोड मागापेक्षा माणसाच्या हातात जास्त वेळा सापडते, असं त्यांचं म्हणणं. खातं बंद पडल्यावर जुन्या पेट्रोल गाड्यांचं गॅरेज काढलं, पण रीत तीच. जित्याची खोड म्हणतात ना! पुढचं बोलत नाही, सवाष्ण बाई आहे मी.

त्या खात्याचे मालक नाना. आमच्याच खानदेशचे, स्वतः मागावर उभं राहून वर आलेले. त्यांनी हौसेनं एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. लाल, दोन दारांची, जमिनीला चिकटलेली. आत बसायचं तर आधी डोकं वाकवायचं आणि मग देवाचं नाव घ्यायचं. दर मंगळवारी नाना आणि त्यांची बायको शांताबाई त्या गाडीनं कामरेजच्या पुढं देवीला जायचे. रस्त्यानं लोक वळून बघायचे आणि शांताबाई पदर सावरत बसायच्या.

गेल्या वर्षी नाना गेले. मग मुलगा दीपक आईला मंगळवारी न्यायला लागला, आणि काही दिवसांतच गाडीनं नखरे सुरू केले. घरून निघताना एका चावीत चालू. देवळापाशी बंद केली, दर्शन घेऊन आले, की स्टार्टर नुसता फिरतो, इंजिन काही पकडत नाही. तासभर ताटकळल्यावर तिच्या मनात आलं तर चालू. दीपकनं प्लग बदलले, बॅटरी बदलली, पेट्रोलचा पंपसुद्धा नवा बसवला. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! शेवटी कंटाळून त्यानं विकायचं ठरवलं आणि कामरेजचं एक गिऱ्हाईक बघून ठेवलं.

"मास्तर, आ छेल्लो चान्स, शेवटचा," गाडी आमच्या दारात लावून तो म्हणाला. "पुढच्या बुधवारी माणूस बघायला येतोय. नीट झाली तर ठेवतो, नाहीतर जाऊ दे. आईला घेऊन रस्त्यात किती वेळा उभा राहू?"

त्याचंही चूक नव्हतं. शांताबाई सोबत आल्या होत्या. माझ्या लारीशी स्टुलावर बसून चहा हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "मंगला, हाई गाडी गयी ना, ते नाना आज ग्यात असं समज." मी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं, बाकीच्या गाड्या राहू द्यात, आधी ही बघा.

आणि आमच्या शहाण्या माणसानं माती खाल्ली. लाल गाडी बघून हे असे हुरळले की आपली रीतच विसरले. ना प्रश्न, ना उलटतपासणी. गाडी विकायचीच म्हणून दीपक टाकीत जेमतेम पेट्रोल ठेवायचा. यांनी कॅनमधून थोडं ओतलं आणि निघाले कामरेजला, नवरदेवासारखे. तिथं आणखी थोडं ओतून बंद केली, चालू केली. पुन्हा बंद, पुन्हा चालू. एका चावीत! दुसऱ्या दिवशी परत पेट्रोल ओतलं, परत तेच. "हिला काही झालेलंच नाही," असं सांगून गाडी देऊन टाकली. दीपकनं ती एवढीशी फिरवली आणि भर बाजारात अडली. पोरं मोबाइलवर व्हिडिओ काढत होती म्हणे.

फोनवर दीपक इतक्या जोरात बोलत होता की मला लारीवर ऐकू येत होतं. फोन ठेवून हे पुन्हा पाना शोधायला लागले. मग मीच तोंड उघडलं, म्हटलं, "गाडी एकटी काय फिरवता? मागापाशी उभे राहायचात ना, तसे उभे राहा की! ज्यांच्या हातात ती अडते त्यांच्याबरोबर जा."

कधी नव्हे ते ऐकलं.

मंगळवारी सकाळी कोसाडच्या आमच्या घरून निघून हे थेट शांताबाईंच्या दारी. गाडीच्या मागच्या सीटवर पिशवीसुद्धा नीट बसत नाही, तिथं हे गुडघे हनुवटीला लावून बसले. देवळापाशी नेहमीचं नाटक झालं. गाडी अडली, बऱ्याच वेळानं चालू झाली, आणि परत येताना पर्वत पाटियाच्या चौकात, माझ्या लारीपासून हाकेच्या अंतरावर, पुन्हा गप्प. मागून टेम्पोवाल्यांचे हॉर्न, रिक्षावाल्यांच्या शिव्या. मी गॅस बंद करून धावले. चौघांनी ढकलून गाडी कडेला घेतली.

दीपक बॉनेट उघडायला निघाला. हे मागच्या सीटवरून कसेबसे बाहेर आले आणि म्हणाले, "पुढं नको जाऊ. मागं ये."

डिकीवर पेट्रोलच्या टाकीचं झाकण आहे, उघड्यावरच, चांदीच्या वाटीसारखं गोल आणि चकचकीत. यांनी ते फिरवलं. फुस्स करून मोठा आवाज झाला, टाकीनं श्वास ओढावा तसा. "आता मार चावी." दीपकनं चावी फिरवली आणि गाडी तत्काळ चालू! मी तर टाळ्याच वाजवल्या.

मग यांनी झाकण उलटंपालटं करून दाखवलं. मधोमध एक बारीक भोक असतं. पेट्रोल कमी होईल तशी तिथून हवा आत जायला हवी. नाही गेली तर टाकी पेट्रोल धरून ठेवते, पंपानं कितीही ओढलं तरी सोडत नाही. ते भोक तुपात कालवलेल्या कुंकवानं गच्च बुजलं होतं, थरावर थर. रात्रभर गाडी उभी राहिली की कुठून तरी हवा झिरपायची, म्हणून सकाळी ती शहाणी. आणि जो मिस्त्री हात लावायचा तो आधी झाकण उघडून पेट्रोल ओतायचा, की दुखणं पळालं. आमचे हे पण त्यातलेच.

सकाळी निघण्याआधी शांताबाईंनी गाडीची पूजा केली होती. बोट तुपात बुडवून त्या झाकणावर ठसठशीत कुंकू लावलं होतं, आणि हे शेजारी उभे राहून त्यांचे हात बघत होते.

"मम्मी!" दीपक कपाळावर हात मारून हसायलाच लागला. तिथल्या तिथं त्यानं कामरेजच्या माणसाला फोन लावला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगून टाकलं. माझा जीव भांड्यात पडला.

पण शांताबाईंचा चेहरा उतरला होता. "मीच अडवी का रे भाऊ तिले? ती अडे तसं मी जास्तच लावू."

"वहिनी, तुमचं काही चुकलं नाही," हे म्हणाले. "कुंकू लावा, रोज लावा. फक्त या झाकणावर नको."

"मंग कोठे लाऊ?"

"बॉनेटवर लावा, चाकावर लावा."

त्या मान हलवत राहिल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, नाना गेल्यापासून करंडा तसाच भरलेला होता. स्वतःला लावायची सोय नाही, आणि फेकवेना. हे गोल झाकण बघितलं की कपाळासारखं वाटायचं, म्हणून तिथं लावायची.

दीपकचं हसू थांबलं. मला तर इतका राग आला! कुणाचा ते सांगता येणार नाही, पण आला. त्यांच्या पिशवीतून करंडा मीच काढला आणि म्हटलं, "ताई, कपाळ असताना झाकणाला कशाला?"

"लोक काय म्हनतीन?"

"लोक ढकलायला आले होते का मघाशी?"

"आले होते की," आमचे हे मध्येच म्हणाले. यांना कधी बोलू नये ते कळतच नाही. मी डोळे वटारले तसे ते झाकण पुसायला लागले.

शांताबाई गाडीच्या बाजूच्या आरशात वाकल्या. बराच वेळ वाकून होत्या. मग बोट बुडवलं आणि कपाळावर एवढंसं कुंकू टेकवलं. आईसाठी दीपकनं दार उघडून धरलं होतं, दुसऱ्या हातानं डोळे पुसले. आत बसल्यावर त्यांनी काच खाली केली आणि मास्तरांना विचारलं, "घर गयावर सून काय म्हनी?"

हे झाकण घट्ट बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "सांगा, मास्तरनं सांगितलंय. नाही लावलं तर गाडी चालू होत नाही."