दुधाचेच तर दात

माझ्या मुलीचा पहिला दात सगळ्यात आधी माझ्या बाबांना दिसला. बायकोची बाळंतपणाची रजा संपली होती आणि तिला हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर परत जायचं होतं. माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान जरीपटक्यात, म्हणजे हुडकेश्वरच्या आमच्या घरापासून नागपूरच्या पार दुसऱ्या टोकाला. पोरीला दिवसभर सांभाळणार कोण? नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावी बाबा एकटेच होते, आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी संत्र्याची बाग मोठ्या भावाच्या हवाली केली आणि एक पिशवी घेऊन ते आमच्याकडे आले.

आम्हा भावांना बाबांनी लहानपणी कधी कडेवर घेतलेलं मला आठवत नाही. पण नातीचं सगळं ते शिकले. लंगोट बदलायला शिकले, दूध कोमट करून मनगटावर थेंब टाकून बघायला शिकले. दुपारी कूलरसमोर सतरंजी टाकून मांडीवर ते तिला झोपवत. तिच्या तोंडात बाटली असे आणि बाबा बसल्या बसल्या डुलत असत. दुधात साखर असायची, कारण बिनसाखरेचं दूध ती थुंकून टाकायची. आम्हाला ते माहीत होतं. घरात कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. पोरगी गुटगुटीत होती, शेजारचे कौतुक करत.

दीडेक वर्षाची असताना तिच्या वरच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूने ओढल्यासारख्या पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या. बायकोने ओल्या कापडाने पुसून पाहिलं. रेघा गेल्या नाहीत. पुढे त्या पिवळ्या झाल्या, मग तपकिरी. एक दिवस पाव खाताना समोरच्या दाताचा कोपरा तुटून पावातच राहिला. तेव्हा आम्ही तिला लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाबाही आले. नात दवाखान्यात जाणार आणि आपण घरी बसायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं.

डॉक्टर तरुण होत्या, आवाज मऊ होता. त्यांनी मुलीचा वरचा ओठ बोटाने उचलला आणि विचारलं, "बाटली तोंडात ठेवूनच झोपते का?"

"हो," बायको म्हणाली.

"दुधात साखर?"

बाबाच म्हणाले, "मीच टाकतो. नाई टाकली त पेत नाई ते."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. झोपेत लाळ कमी सुटते, गोड दूध दातांवर तसंच साचून राहतं, आणि इतक्या कोवळ्या दातांना कीड लागायला वेळ लागत नाही. समोरचे चारही दात गेल्यात जमा होते. ही मुलगी खुर्चीत स्थिर बसणार नाही, तेव्हा भूल देऊन उपचार करावे लागतील, असं त्या म्हणाल्या.

"पण बाई, दुधाचेच त दात हायत न," बाबा म्हणाले. "पडतीनच ते."

"पडतील आजोबा, पण त्याला अजून चार-पाच वर्षं आहेत. तोवर दुखणं तिलाच सोसावं लागेल."

बाबांनी विचारलं, "म्हंजे हे माह्यानं झालं?"

"असं एकामुळे नसतं होत, आजोबा," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढची तारीख सांगायला लागल्या. बाबांनी ते वाक्य ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही.

त्या दिवसापासून घरातली बाटली बंद झाली आणि पोरीची दुपारची झोपही गेली. संध्याकाळी मी परतलो की शेजारच्या वहिनी सांगायच्या, "तुमचे बाबा आज पण भर उन्हात पोरीले खांद्यावर घेऊन फिरून राहिले होते." ती रडायची, त्यांच्या तोंडावर चापट्या मारायची, बाटली मागायची. ते डोक्यावर ओला दुपट्टा टाकून, तिलाही त्याच्या आडोशाला घेऊन लेआउटमधल्या रस्त्यांवर चकरा मारत. आता ते तिला स्वतःच्या मनाने काहीच भरवत नसत. वरणभातसुद्धा नाही. बायको कामावर जाण्याआधी डबा भरून ठेवायची, तेव्हा ते विचारायचे, "हे देऊ न? यानं काही होणार नाई न?"

बायको सासऱ्यांना एका शब्दाने बोलली नाही. "मामाजी, चहा घ्या," "मामाजी, औषध घेतलं का," इतकंच. पूर्वी ती त्यांच्याशी मोकळेपणी भांडायची, भाजीत तिखट जास्त झालं म्हणून त्यांनी कुरकूर केली की उलट उत्तर द्यायची. ते थांबलं. घरात सगळे एकमेकांशी फार नीट वागायला लागले.

ठरलेल्या तारखेच्या आधी मुलीला सर्दी-खोकला झाला. अशा अवस्थेत भूल देता येणार नाही म्हणून तारीख पुढे गेली. ती यायच्या आतच एका सकाळी पोरगी उठली ती सुजलेला चेहरा घेऊन. वरचा ओठ जाड झाला होता, सूज नाकाच्या कडेने डोळ्यापर्यंत चढली होती आणि अंग तापलं होतं. दाताच्या मुळाशी पू झाला होता. तिला दाखल केलं, सलाइनमधून औषधं सुरू झाली, ताप उतरला, आणि मग दात वाचवायचा प्रश्नच उरला नाही. समोरचे चारही दात काढले.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर आम्ही तिघं बाकावर बसलो होतो. तिला बाहेर आणलं तेव्हा ती अर्धवट शुद्धीत होती, तोंडात कापसाचा बोळा आणि हनुवटीवर रक्ताची वाळलेली रेघ. भूल उतरली तशी ती जिभेने ती मोकळी जागा चाचपायला लागली आणि घाबरली. बाबा तिच्या खाटेशी वाकले. त्यांच्या तोंडात कधीपासून एकही दात नव्हता आणि कवळी त्यांनी कधी बसवली नाही. ते आ करून तिला म्हणाले, "पाह्य वं माय, माह्या तोंडात बी नाईत दात. आपुन दोघं सारखेच."

ती त्यांच्या उघड्या तोंडाकडे पाहत राहिली आणि किंचाळून रडायला लागली. तिने मान फिरवली. बाबा सरळ उभे राहिले, दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि बाहेर व्हरांड्यात गेले.

काही दिवसांनी त्यांनी पिशवी भरली. मी म्हटलं, "बाबा, काहून जाता? आता तर सगळं झालं."

"मी राहीन त तिले काही न काही देईनच," ते म्हणाले. "ते रडली का माह्यानं पाहवत नाई. तुमी शिकले-सवरले लोक, पाहून घ्या."

मी त्यांना एसटीत बसवून दिलं. त्यानंतर बायकोने नोकरी सोडली.

दात घासण्याचं काम मी घेतलं. डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं, तिला आडवं पाडून, डोकं माझ्या मांडीत आणि पाय बायकोच्या हातात. उरलेले दात वाचवायचेच होते. ती ओठ घट्ट मिटायची, मी बोटाने ते उघडायचो. ब्रश दिसला की ती पलंगाखाली लपायची. आधी दुकानातून आल्यावर माझ्या गाडीचा आवाज ऐकून ती दाराशी धावत यायची. मग हळूहळू यायची बंद झाली. मी घरात शिरलो की ती माझ्या हाताकडे बघायची. आम्ही गाणी म्हणून पाहिली, बाहुलीचे दात घासून पाहिले, रंगीत ब्रश आणले. काही दिवस बरे जायचे, पुन्हा सगळं तसंच. इतकं करूनही मागच्या दाढा किडल्याच. एक भरली, एक काढावी लागली.

बालवाडीत गेली तेव्हा तिचं बोलणं कोणाला नीट कळत नसे. समोर दातच नसल्यामुळे काही अक्षरं निसटून जायची. मुलं तिला म्हातारी म्हणायची. बाईंनी मुलांना रागावलं, मग मुलं बाईंच्या पाठीमागे म्हणायची. तिला तोंडावर हात ठेवून हसायची सवय लागली, नंतर तर फोटोत ती हसेनाच. आमच्याकडे तिला सांगायला एकच गोष्ट होती: नवे दात येतील, पक्के, पांढरेशुभ्र. दर वाढदिवसाला ती विचारायची, "या वर्षी?"

पहिलीच्या शेवटी समोरची हिरडी कडक झाली आणि एका दाताची धार बाहेर आली. ती आरसा घेऊन घरभर फिरली. इतकी खूश मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. दात रोज थोडा थोडा उतरत होता. अर्धा उतरल्यावर त्याच्या मध्यावर एक तपकिरी खड्डा दिसला, मोहरीच्या दाण्याएवढा, खडबडीत. आम्हाला वाटलं काही चिकटलं असेल.

डॉक्टरांनी नुसतं पाहिलं आणि त्यांना कळलं. लहानपणी दुधाच्या दाताच्या मुळाशी जो पू झाला होता, तो हाडात तयार होत असलेल्या या दातापर्यंत पोहोचला होता. दात घडत असतानाच बिघडला होता. "त्यावर दाताच्या रंगाचं भरून देऊ," त्या म्हणाल्या, "पण ते कधी ना कधी निघतं. पुन्हा पुन्हा करावं लागेल."

"किती वर्षं?" बायकोने विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, "हा दात आहे तोवर."

परत येताना मुलगी गाडीवर माझ्यापुढे उभी होती. सिग्नलला थांबलो तेव्हा तिने मान मागे वळवली.

"पप्पा, हा कधी पडेल?"

"हा पडत नसतो, बेटा. हा कायमचा."

पुढे वळून तिने हँडल धरलं.

रविवारी बाबांचा फोन आला. ते दर रविवारी करतात, नातीशी मात्र बोलत नाहीत. ती पण फोन मागत नाही. मागे मोटारपंपाचा आवाज येत होता.

"आले का तिचे दात?" त्यांनी विचारलं.

"आले."

"चांगले हायत न?"

खोटं बोलायची तयारी मी केली होती, पण बोलायला उशीर झाला. पंपाचा आवाज तेवढा येत राहिला.

"बरं," बाबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, नागपुरात ऊन किती हाय, आणि मी त्यांना सांगितलं.