कूलरमध्ये राहायला गेलेले मनोहरराव

आमच्या शेजारचे मनोहरराव थंडी पडली की कूलरमध्ये राहायला जातात. हे कोणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे पाहतो, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहतो आणि म्हणतो, "हो का आजी, बरं बरं." म्हणून पहिल्यापासून सांगते.

नागपूरच्या घरात कूलर ही वस्तू नसते, तो घरातला कर्ता असतो. होळी झाली की त्याला नवं गवत, नवा पंप, दोन्ही वेळचं पाणी. मानाचा पाहुणा आला की कूलरसमोरची खुर्ची त्याची. नवराबायकोला भांडायचं असलं तरी कूलरच्या वर आवाज काढूनच भांडावं लागतं. पण दिवाळी झाली की त्याला कोणी विचारत नाही. म्हाताऱ्या सासऱ्यासारखा तो खिडकीत नुसता उभा राहतो, आणि घरचे लोक त्याच्या पोटात रिकामे डबे, फुटकी बादली, जुनी पायपुसणी असं काय काय कोंबून ठेवतात.

मनोहररावांचा कूलर तर साधासुधाही नाही. एक मंगल कार्यालय बंद पडलं तेव्हा तिथून आणलेला. अख्ख्या वऱ्हाडाला गार करणारा लोखंडी हत्तीच तो. आमच्या मानकापूरच्या घरांच्या दारातून तो जाईना. मग बाजूच्या अंगणात स्टँडवर चढवला आणि हॉलच्या खिडकीचे गज कापून त्याचं तोंड तेवढं आत घेतलं. मनोहरराव तेव्हा कोराडीला पॉवर हाऊसमध्ये बॉयलरवर होते. जन्म सारा धगीपुढे काढलेला. ड्युटीवरून आले की पंख्याच्या जाळीला नाक लावून झोपायचे. त्यांची बायको कौसल्या मला म्हणायची, "मावशी, याईले भाकर करून काहून देऊ? नुसतं पीठ देलं तरी पोटात भाजून निघते."

मग ते रिटायर झाले, आणि इतक्या वर्षांची धग एका पावसाळ्यात अंगातून निघून गेली. कुठे गेली कोणास ठाऊक. दसऱ्यालाच माणूस कुडकुडायला लागला. स्वेटर, त्यावर स्वेटर, त्यावर कौसल्याची शाल, डोक्याला माकडटोपी. बोलताना दात असे वाजायचे की अर्धं बोलणं वाजण्यातच जायचं. त्यांचा हॉल उत्तरेकडे तोंड करून. तिथे ऊन पाहुणा म्हणूनही येत नाही. ऊन पडतं ते बाजूच्या अंगणात, तेही नेमकं कूलरवर, सकाळपासून दिवस कलेपर्यंत.

एक दिवस कौसल्यानं त्यांना कूलरमधली फुटकी बादली काढायला पाठवलं. त्यांनी बाजूची गवताची ताटी उचलली आणि आत डोकं घातलं. डोकं काही बाहेर आलं नाही. थोड्या वेळानं खांदे गेले, मग पाय गेले, आणि आतून कोणीतरी ताटी ओढून घेतली. जेवायच्या वेळी कौसल्या घरभर शोधतेय, तर हॉलच्या खिडकीतून आवाज.

"इकडं हाय मी. भाकर इकडूनच दे."

पंखा आणि पंप त्यांनी काढून ठेवले होते. जिथे पंखा होता त्या गोल भोकातून मनोहररावांचं तोंड हॉलमध्ये पाहत होतं, फोटोसारखं.

मी दुसऱ्या दिवशी बघायला गेले, हसायला म्हणूनच गेले होते. पण ताटी उचलली आणि हसू तोंडातच राहिलं. बाई गं, काय ऊब ती! तिन्ही बाजूंच्या वाळक्या गवतातून ऊन गाळून आत येत होतं, हळदीसारखं पिवळं. खाली गोधडी. पत्र्याला कौसल्याच्या जुन्या साड्या लावल्या होत्या, एक राणी रंगाची, एक पोपटी. कोपऱ्यात संत्र्याच्या सालांची माळ, बारका रेडिओ, वाटीत उकडलेल्या तुरीच्या शेंगा. आमच्या मेल्या घरांना लोक आता राखाडी रंग देतात आणि त्याला फॅशन म्हणतात. रंग म्हणून जो काही होता तो त्या वस्तीत या एका कूलरमध्ये होता.

"बसता का मावशी?" मनोहरराव म्हणाले. "जरा सरकतो."

मी म्हटलं, "लोक काय म्हणतील रे?"

"लोकाईले थंडी वाजून राहिली, म्हणून बोलतात."

लोकांनाही हळूहळू सवय झाली. गॅसवाला ओमप्रकाश सिलिंडर घेऊन यायचा, विचारायचा, "भाभीजी, काका किधर?" कौसल्या म्हणायची, "कूलर में." तो म्हणायचा, "अच्छा," आणि भोकातून नमस्कार घालून जायचा.

सवय झाली नाही ती एकट्या मेघाला. मेघा त्यांची एकुलती एक पोरगी, बुटीबोरीला कापडाच्या कंपनीत कामाला. तिथेच तिला पियुष भेटला. पोरगा चांगला, मी पाहिलेला. त्यानं घरी सांगितलं, आणि त्याचे आईवडील काटोलकडून रविवारी घर बघायला यायचे ठरले. घर म्हणजे काय, माणसंच बघायची असतात. सोयरीक जमायची की मोडायची ते त्या एका चहावर होतं, आणि पियुषचे वडील मधुकरराव म्हणजे एका शब्दावर उठून जाणारा माणूस, असं पियुषनंच तिला सांगून ठेवलं होतं.

त्या आठवड्यात मेघा रोज कामावरून आली की भोकासमोर उभी राहायची.

"बाबा, फक्त रविवारी. एक घंटा सोफ्यावर बसा, माणसासारखे."

"अन् आता कशासारखा बसलो?"

"तुमीच सांगा, त्याईले काय सांगू? माझे बाबा कूलरात रायतात?"

आतला रेडिओ बंद झाला. मग, "येतो बाहेर. तुह्यासाठी येतो."

आणि आले बिचारे. रविवारी सकाळी अंघोळ करून, सफारी घालून सोफ्यावर बसले. मला घरातलं मोठं माणूस म्हणून बोलावलं होतं, मी बाजूलाच होते. थोड्या वेळात ते थरथरायला लागले. हातातली कपबशी अशी वाजायला लागली की स्वयंपाकघरातून कौसल्या ओरडली, "घंटी कोण वाजवून राहिलं?" ओठ निळे पडले. मेघालाच पाहवलं नाही. म्हणाली, "जा बाबा, पाहुणे येईस्तोवर बसून या जरा."

ते आत गेले, ताटी लागली, आणि त्याच क्षणी फाटकाशी ऑटो थांबला. पाहुणे वेळेच्या आधी!

मेघानं धावत जाऊन भोकावर पडदा ओढला. "बाबा, आता आतच राहा. खोकू नका," असं पडद्याला सांगून ती दार उघडायला गेली आणि पाया पडता पडता म्हणाली, "बाबा कोराडीले गेले हाय, कामानं."

मधुकरराव उंच, मफलरमध्ये गुंडाळलेले, कपाळाला आठ्या. त्यांची बायको वंदनाबाई गप्प, नजर खाली. पियुष आला तोच घाम पुसत, थंडीतसुद्धा. सगळं नीट झालं असतं, पण कौसल्यानं हात जोडले आणि सवयीनं मानाच्या पाहुण्यासाठी खुर्ची मांडली. कुठे? कूलरसमोर! पडद्याला पाठ लागेल अशी. भर संक्रांतीच्या थंडीत! मेघानं कपाळाला हात लावला. आणि मधुकररावही नागपूरकडचेच की. ते सवयीनं म्हणाले, "राहू द्या, कूलर लावू नका," आणि बसले.

बोलणी सुरू झाली. शेती किती, भाऊ किती, पोरगी शिकली किती. मधुकरराव एका शब्दात उत्तर द्यायचे, आणि आठ्या काही जात नव्हत्या. मी पोहे पुढे केले, नको म्हणाले. चहा दिला, गार आहे म्हणाले. मेघाचं तोंड पांढरं होत चाललं होतं.

तेवढ्यात पडद्याच्या फटीतून एक हात आला. हातात सोललेली संत्र्याची फोड. यजमान माणूस, पाहुणा घरात उपाशी बसलाय, त्यांना आत राहवेना! मधुकररावांच्या खांद्याशी तो हात थांबला. त्यांना वाटलं असेल मागून घरची बाई काही देतेय. मोठी माणसं देणाऱ्याकडे कुठे बघतात? त्यांनी फोड घेतली, खाल्ली. हात आत गेला, दुसरी फोड घेऊन आला. तीही खाल्ली. आम्ही बायका गोठून बसलेल्या. पियुष ते बघून इतका घाबरला की उठून उभाच राहिला आणि मग कशाला उठलो ते न कळून पुन्हा बसला.

"संत्रं आंबिया बहाराचं हाय," मधुकरराव म्हणाले. "पण झाडावर जास्त राहिलं. गोडी उतरली."

"तरी म्हटलं," पडदा म्हणाला. "दुकानदार त म्हणे काटोलचं."

"काटोलचं नाही हे. मी सांगतो."

असं म्हणून मधुकररावांनी मान वळवली, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आपण कोणाशी बोलतोय ते आपल्याला ठाऊक नाही. त्यांनी पडदा बाजूला केला. भोकात सफारी आणि माकडटोपी घातलेले मनोहरराव, हात जोडून.

"नमस्कार. मी मुलीचा बाप."

मेघानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, आता हा माणूस उठतो. आणि तो उठलाच. पण दाराकडे गेला नाही. भोकात तोंड घालून त्यानं आत डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग म्हणाला, "इथून त गरम हवा येऊन राहिली गा. म्हणून मघापासून मानेले बरं वाटत होतं."

"आत या ना. बाजूनं रस्ता हाय."

मधुकरराव निघाले, अंगणात गेले. ताटी उचलल्याचा, मग लागल्याचा आवाज आला. हॉलमध्ये आता आम्ही चौघी बायका आणि पियुष, आणि पुरुषांची बोलणी कूलरमध्ये. भोक म्हणजे भोंगाच, सगळं ऐकू येत होतं. आधी नुसते हुंकार. मग शेंगा फोडल्याचा आवाज. मग मधुकररावांचा सुस्कारा, असा की जणू माणसानं आताच जोडे काढले.

"माह्या घरी मळ्यात बंगला बांधला. संगमरवरी फरशी टाकली, पोट्ट्याच्या म्हणण्यावरून. पाय ठेवला की काळीज गार होते."

"सांगा मग! फरशी पाहायले चांगली असते."

"दोन वर्षं झाले, माह्या पायाले ऊब नाही. कोणाले सांगू?"

वंदनाबाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

आत पुन्हा शेंगा. मग मधुकररावांचा मोठा आवाज, "मनोहरराव, पोरगी पसंत हाय. देणंघेणं काही नाही. आमाले काही नको." कौसल्यानं पदर डोळ्याला लावला. "फक्त हा कूलर द्या."

कौसल्याचा पदर डोळ्यापाशीच राहिला.

आतून मनोहररावांचा आवाज आला, व्याह्यालाच हाक मारून, पण एकदम शांत. "इवाई, पोरगी घेऊन जा. कूलर मांगू नका."

असं बोलणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मेघा ताडकन उठून भोकाशी गेली. तिचा आवाज फाटला होता.

"बाबा! माह्यापेक्षा कूलर मोठा झाला का?"

मनोहरराव म्हणाले, "तू त जाशीन बाई तुह्या घरी. ड्युटी गेली, आता तू जाशीन. मंग म्या कुठी जाऊ, सांग."

पियुषनं मेघाकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली, बोलू नको म्हणून. त्याला आपला बाप ठाऊक होता. मेघालाही ठाऊक होतं, एका शब्दावर उठणारा माणूस. सारा आठवडा ती बापाला त्या डब्यातून बाहेर काढायला भांडली होती. तिनं डोळे पुसले आणि वाकून भोकात आपल्या बापाच्या शेजारी पाहिलं.

"काका," ती म्हणाली, "कूलर भेटणार नाही. सोयरीक करा नाही त नका करू."

आत शेंग फोडायचा आवाजही थांबला. पियुषनं दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

आणि वंदनाबाई हसायला लागल्या. आधी पदरात, मग उघड, पोटावर हात ठेवून. "अवं माय! याईले तोंडावर नाही म्हणणारं आमच्या घरात जन्मालेच नव्हतं आलं कोणी! कौसल्याबाई, कुंकू आणा लवकर. ही पोट्टी मले पाहिजे." मग भोकाकडे तोंड करून, "अन् तुमी! पायाले थंडी वाजते हे परक्याच्या कूलरात बसून सांगता? घरी तोंड नव्हतं का? उद्याच लकडगंजात जाऊ, लाकूड पाहू, साऱ्या फरशीवर फळ्या टाकू अन् तुमालेही असाच एक खोका ठोकून घेऊ!"

आतून बारीक आवाज आला. "गवतासकट?"

"गवतासकट!"

"मग माही हरकत नाही."

कुंकू लावलं, नारळ दिला, साखर वाटली. राहिली व्याहीभेट. दोन्ही बापांनी उभं राहून गळाभेट घ्यायची, त्याशिवाय सोयरीक पक्की होत नाही. कौसल्या म्हणाली, "या आता दोघंही बाहेर." कोणी येईना. हा म्हणे तुम्ही आधी, तो म्हणे तुम्ही आधी. शेवटी दोघांनी बसल्या बसल्याच आत एकमेकांना कवटाळलं. दोन्ही माणसं अंगानं भरलेली. स्टँड कुरकुरला, कूलर डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, आणि रस्त्याकडची ताटी धाडकन अंगणात पडली.

येणारे जाणारे थांबले. पोपटी आणि राणी रंगाच्या साड्यांमध्ये, संत्र्याच्या सालांखाली, दोन म्हातारे माकडटोपी आणि मफलरसकट एकमेकांच्या गळ्यात पडलेले.

"काय पाहून राहिले गा?" मनोहरराव लोकांवर ओरडले. "ताटी लावा कोणी! वारा येते ना!"

मेघा कपाळाचं ओलं कुंकू सांभाळत अंगणात उतरली. ताटी उचलली, त्यावरची माती पदरानं झटकली आणि दोघांच्या अंगावरून हळूच, पांघरूण घालावं तशी, लावून टाकली.