अरुणाताईंचा शुक्रवारचा तक्ता

अरुणाताईंच्या मनगटावर मोठ्या तबकडीचं पुरुषी घड्याळ असायचं. ते त्यांच्या यजमानांचं, राजीवरावांचं. डायलिसिससाठी डाव्या हाताची शीर धमनीला जोडली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, या हाताला आता काही बांधायचं नाही. उजव्या हातात घड्याळ घालून राजीवरावांना चैन पडेना. शेवटी ते ताईंनीच घालायला घेतलं. पट्ट्याला एक जादा भोक पाडून घेतलं होतं, तरी ते कोपराकडे घसरायचंच.

आम्ही दोघी दिल्लीजवळ मानेसरच्या एका कंपनीत होतो. मी अजून आहे. दुचाकीचे ब्रेक आणि क्लचचे भाग बनतात तिथे. मी आर. के. पुरमहून मेट्रोने, हौज खासला गाडी बदलून गुरुग्रामला यायचे आणि तिथल्या चौकातून कंपनीची बस धरायचे. ताई चौकात आधीच उभ्या असायच्या. थंडीत खिडकीकडची जागा मला देऊन म्हणायच्या, "बस गं साधना, तुला ऊन लागू दे. मी काय, घरी गच्चीवर वाळत असतेच."

ताईंचं काम पत्रांचं. महाराष्ट्रातल्या गॅरेजवाल्यांच्या तक्रारी यायच्या, कागदावर, मोबाइलवर, कधी मोडक्या भागाला चिठ्ठी बांधून. त्या वाचायच्या, इंग्रजीत टिपण करायचं आणि तपासणी विभागाला द्यायचं. दिवसाला वीसेक पत्रं. एकवीस वर्षं हेच. लिहिणाऱ्यांचे स्वभाव त्यांना पाठ होते. एकदा मला एक चिठ्ठी दाखवून म्हणाल्या, "हा इंदापूरचा मिस्त्री बघ. 'जरा त्रास आहे' लिहिलंय. हा मुळात सभ्य माणूस. याला जरा त्रास आहे म्हणजे ब्रेक लागतच नाहीये. आणि तो नगरचा, तो बोंबलेल, पण त्याचा नुसता आवाज मोठा." दोन्ही टिपणं त्या त्या हिशेबाने जायची.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने एआय असिस्टंट घेतला. पत्राचा फोटो टाकला की इंग्रजी टिपण तयार. आमचे साहेब विक्रांत, नाशिककडचे, पस्तिशीचे, स्वभावाने सालस. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "माणशी महिन्याचं भाडं आहे याचं. हेड ऑफिस विचारतंय, पैसे वसूल होतायत का? म्हणून दर शुक्रवारी एक तक्ता भरायचा. काम कोणतं, आधी किती वेळ लागायचा, आता किती लागतो. वाचलेला वेळ तो आपोआप काढेल."

आम्ही सगळ्यांनी तो तक्ता जसा भरायचा तसा भरला, म्हणजे डोळे मिटून. मी तर ते यंत्र महिनाभर उघडलंसुद्धा नव्हतं. शुक्रवारी चार वाजता 'अर्धा तास' लिहायचे आणि चहाला जायचे. माझ्या शेजारची प्रणिता तर मागच्या आठवड्याचाच आकडा चिकटवायची. "बिल्कुल टेन्शन नाही, कोण बघतंय यार," म्हणायची.

अरुणाताईंनी घड्याळ लावलं.

त्यांनी एक पत्र आधी जुन्या पद्धतीने केलं, तेच मग असिस्टंटकडून. असं आठवडाभर, पाठकोऱ्या वहीत मिनिटं लिहून. जुन्या पद्धतीने अठरा मिनिटं. नव्या पद्धतीने दोन. प्रणिता हसत होती. "ताई, शिट्टी पण आणा. शर्यतीला बरी पडेल."

"अगं, विचारलंय तर खरं लिहायला नको?" ताई म्हणाल्या. "शाळेत आमच्या नाना वैद्य मास्तरांकडे अंदाजे उत्तराला शून्य मिळायचं."

वीस पत्रांचे पाच तास वीस मिनिटं. दर दिवशी. त्यांनी तसंच लिहिलं.

आता यातली गोम सांगते. असिस्टंट इंदापूरच्या चिठ्ठीला 'किरकोळ तक्रार' म्हणायचा आणि नगरवाल्याला 'तातडीची'. शब्दाला शब्द बरोबर, माणूस चुकीचा. म्हणून ताई प्रत्येक टिपण पुन्हा तपासायच्या. पण ऑफिसात वेळ कुठे होता? पाच तास मोकळे झाले म्हणून हिंदी पत्रंही त्यांच्याच टेबलावर आली होती. मग मराठी पत्रांचे छापील कागद घेऊन त्या जेवणाच्या सुट्टीत बसायच्या, बसमध्ये बसायच्या. मांडीवर फाइल, हातात पेन्सिल. घरी राजीवरावांना भरवून झालं की उरलेली. सकाळी आल्या आल्या दुरुस्त्या करायच्या आणि मग पुढे पाठवायच्या.

मी विचारलं होतं, "ताई, हा वेळ तक्त्यात कुठे धरता?"

"त्याला रकाना कुठाय?" त्या म्हणाल्या. "विचारलं नाही ते मधेच कशाला लिहायचं? आणि तपासणं हे काय काम आहे का? ते तर आपण करणारच."

बस तेव्हा टोलनाक्यापाशी अडकली होती. मी बाहेर ट्रक बघत राहिले. तेव्हाच बोलायला हवं होतं.

ताईंना त्या नोकरीत अजून दीड वर्ष काढायचं होतं. अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त झालेल्या माणसाचा आणि जोडीदाराचा आरोग्य विमा आमची कंपनी पुढे चालू ठेवते. मधेच गेलं की कार्ड बंद. राजीवरावांचं डायलिसिस त्या कार्डावर चालायचं, बुधवारी आणि शनिवारी, घराजवळच्या खासगी रुग्णालयात. मी एकदा भेटायला गेले तर त्या खाटेवरूनच म्हणाले, "या साधनाताई! बघा, हिचं मशीन वेळ वाचवतं आणि माझं मशीन चार चार तास खातं. घरात हिशेब जमला." ताई म्हणाल्या, "पुरे. बोललात की रक्तदाब चढतो." पण हसल्या.

ताई गुरुवार करायच्या. टेबलाच्या खणात दत्ताची छोटी तसबीर होती, आल्यावर खण उघडून हात जोडायच्या आणि बंद करायच्या. कुणाच्या लक्षातही यायचं नाही. मागायच्या काय, तर एकच: "दीड वर्ष निघू दे."

डिसेंबरच्या एका गुरुवारीच विक्रांत सरांनी त्यांना आत बोलावलं. वीस मिनिटांनी ताई बाहेर आल्या, खुर्चीवर बसल्या आणि कॉम्प्युटर चालू असतानाच पुन्हा चालू करायचं बटण शोधू लागल्या. मी पाणी दिलं.

"जागा कमी केली," त्या म्हणाल्या. "एकतीस जानेवारीपर्यंत."

"कुणाची?"

"माझी गं. सर म्हणाले, हेड ऑफिसने सगळ्यांचे तक्ते बघितले. बाकीच्यांचे अर्धा तास, पाऊण तास कुणी धरलेच नाहीत. म्हणाले, 'ताई, तुमचेच आकडे त्यांना विश्वासाचे वाटले. वर्षभर रोजच्या रोज, मिनिटासकट. त्यावरच असिस्टंटचा खर्च मंजूर झाला.'" पाण्याचा घोट घेऊन म्हणाल्या, "सरांना वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या."

प्रणिताने मान खाली घातली. त्या दिवशी मी आणि तिने, दोघींनीही डबा उघडला नाही.

मी ताईंना म्हटलं, "आत्ताच्या आत्ता परत आत जा. तपासण्याचं सांगा. त्या वहीत असेल ना सगळं?"

वहीत सगळं होतं. जेवणाची सुट्टी, बस, रात्रीचे दोन तास. मराठी पत्र तपासून दुरुस्त करायला सरासरी चौदा मिनिटं. म्हणजे अठरातले खरे वाचत होते फक्त दोन. त्या वही घेऊन गेल्या, या वेळी मीही गेले. विक्रांत सरांनी पानं उलटली.

"ताई, हे तुम्ही आधी का नाही लिहिलंत?"

"रकाना नव्हता, सर."

"अहो, शेरा लिहायचात! फोन करायचात! मला सांगायचंत!" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. मग उतरला. "आता वर आकडा गेलाय. मंजुरी झालीय. मी हे पाठवतो, पण ते म्हणतील, जागा गेल्यावर बाईंनी वही काढली."

"पण ती इंदापूरसारखी पत्रं कोण बघणार?" ताईंनी विचारलं. स्वतःचं सोडून त्यांना हे सुचलं.

"प्रणिता एक नजर टाकेल."

त्यांनी वहीच्या पानांचे फोटो खरंच पाठवले. उत्तर आठवड्याने आलं, चार ओळींचं, फार सभ्य: निर्णय कायम. ते असिस्टंटनेच लिहिलं असावं असं प्रणिता म्हणाली. तिच्या त्या म्हणण्यावर कुणी हसलं नाही. विम्याबद्दल मीच कर्मचारी विभागात गेले. तिथल्या बाई हिंदीत म्हणाल्या, "नियम नियम है, मॅडम. अठ्ठावन यानी अठ्ठावन."

मी दर मंगळवारी गणपतीला जाते. त्या मंगळवारीही गेले, पण काही मागितलं नाही. वर्षभर शुक्रवारी खोटं लिहिणारी मी, माझी जागा शाबूत. मागायला तोंड कुठलं?

एकतीस तारखेला ताईंनी शेवटचाही तक्ता भरला. मी बघत होते. वीस पत्रं, पाच तास वीस मिनिटं. खाली शेरा लिहायला जागा नव्हतीच. मग खणातली तसबीर रुमालात गुंडाळली, पेन्सिली प्रणिताला दिल्या. "इंदापूरवाल्याकडे लक्ष ठेव हां," तिला म्हणाल्या. प्रणिता हो म्हणाली. दोन महिने तिने ठेवलंही असेल. आता तिच्याकडे चार राज्यांची पत्रं आहेत.

फेब्रुवारीत मी एक दिवस रजा घेऊन त्यांच्याबरोबर सरकारी रुग्णालयात गेले. तिथे डायलिसिस फुकट आहे, पण यंत्रं मोजकी आणि नावं फार. राजीवराव बाकावर भिंतीला टेकून बसले होते, पाय सुजलेले. आता चेष्टा करत नव्हते. आम्ही रांगेत सकाळी सहाला लागलो. खिडकीवरचा माणूस वाईट नव्हता. कागद बघून म्हणाला, "हफ्ते में एक बार का नंबर लगेगा, माताजी. वो भी मार्च के बाद. तब तक जहाँ कराते थे, वहीं करा लो."

"वहाँ कार्ड बंद हो गया," ताई म्हणाल्या.

त्याने शिक्का मारला आणि पुढच्याला हाक दिली.

ताई बाजूला झाल्या. कोपराकडे घसरलेलं घड्याळ त्यांनी मनगटावर ओढलं, बघितलं, आणि पिशवीतून ती पाठकोरी वही काढली. दहा वाजून पस्तीस मिनिटं. उभ्या उभ्या लिहिलं: रांग, चार तास पस्तीस मिनिटं.

"हे कशाला लिहिता आता?" मी विचारलं.

"सवय गं," त्या म्हणाल्या आणि राजीवरावांना उठवायला गेल्या.