नाना दोराशिवाय उतरले नसते

आत्मारामनाना हजिऱ्याला कारखान्यातल्या एका टाकीत गुदमरून गेले, ही बातमी सुरतेत आमच्या नवागामात आली तेव्हा तिच्याबरोबर निकालही आला होता... चूक त्यांचीच. टाकी साफ करायला ते कुणाला न विचारता एकटेच उतरले म्हणे. त्यांच्या ठेकेदाराचा सुपरवायझर हे गल्लीभर इतक्या घाईने सांगत होता की मला तेव्हाच संशय आला. माणसाचं प्रेत घरी पोचायच्या आत कारण पोचतं, तेव्हा ते कुणीतरी घडवलेलं असतं.

नाना आमचे शेजारी, मूळचे शिरपूरकडचे. तरुणपणी नौदलात होते; रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणाऱ्या जहाजावर. मी युद्धविरोधी पत्रकं वाटत वाढलेला, वर्दीवर माझा विश्वास नाही. "किती किनारे जाळले तुमच्या जहाजाने?" असं मी त्यांना एकदा तोंडावर विचारलं.

"जाळतोय कसले!" ते हसले. "सराव सोडला तर आम्ही उतरवला तो तांदूळ. बेटावर वादळ झालं की तांदूळ. एकदा बकऱ्या. रणगाडा गप उभा राहतो रे, बकरी कुठली राहते!"

मला वाटायचं, हा माणूस बकऱ्यांआड काहीतरी लपवतो आहे. आणि ते लपवत होतेच. पुढे कधीतरी, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं. त्या जहाजाच्या पोटात पाण्याच्या टाक्या असत. किनाऱ्याला लागताना त्या रिकाम्या करून जहाज हलकं करायचं. गंज खरवडायला त्यांत उतरावं लागे. त्यांचा एक सोबती खाली पडलेला पाना घ्यायला दोर न बांधताच उतरला. बंद टाकीतली हवा खराब होती. तो झोपल्यासारखा बसून राहिला... त्याचं प्रेत बाहेर काढलं ते नानांनी. तेव्हापासून कमरेला दोर आणि वर टाकीच्या तोंडाशी एक माणूस, हे असल्याशिवाय नाना कुठल्याच टाकीत उतरले नाहीत. जहाज म्हातारं होऊन भंगारात गेलं, नाना सुरतेला आले, पण सवय सुटली नाही. आमच्या चाळीची टाकी धुतानाही कमरेला दोर! बाया हसायच्या, "नाना, पानी गुडघाभर शे!" नाना म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. तू दोर धर."

असा माणूस हजिऱ्याच्या टाकीत एकटा, मोकळ्या कमरेने उतरतो?

त्यांच्याबरोबर कामाला आमच्याच गल्लीतला सुखलाल होता. पहिल्या दिवशी तो मला म्हणाला, "नानांनी दोर मागितला होता." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मी काही पाहिलं नाही, भाऊ. मला कामावर जायचंय." त्याची लेकरं लहान आहेत, हे मला कळतं. त्याला ही भाषा कुणी शिकवली, तेही कळतं.

आमच्यात मयताच्या घरी दारावर बसायला जातात. येणारा विचारतो, कसं झालं? घरचं माणूस सगळं पहिल्यापासून सांगतं. दहाव्याच्या आधी सुपरवायझरही आला. सुखलाल भिंतीला टेकून बसला होता. सुपरवायझरने मान खाली घालून नानांच्या बायकोला, विमलकाकूंना विचारलं, "कैसे हो गया, काकी?"

काकू रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी कोठे व्हतू तठे? तुम्ही व्हतात. तुम्हीच सांगा."

तो गडबडला. "काका खुद उतर गये. हमने तो मना किया था..."

"दोर?"

"मांगा ही नहीं."

 मग भिंतीकडून आवाज आला, "मांगा था, साहब. आप बोले, बे मिनिटनुं काम छे, काका."

सुपरवायझर चहा न पिता उठला. सुखलालचं काम दुसऱ्या दिवशी सुटलं. प्रकरण पुढे जाईल का, कोण दाबेल, मला कुणाचाच भरवसा नाही.

पण नानांच्या दारावर अजून माणसं येतात. शिरपूरहून, भेस्तानहून. चटईवर बसतात, विचारतात, कसं झालं? काकू सुखलालकडे बघतात. आणि सुखलाल पहिल्यापासून सांगायला लागतो.