जिन्यातलं बाकडं

सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. म्हणून वॉचमनच्या ट्रेनिंगला आगीच्या नियमांचा कागद हातात आला, तेव्हा मला घाम फुटला. शिकवणारे साहेब समजूतदार निघाले. म्हणाले, "दोनच गोष्टी ध्यानात ठेव. जिना मोकळा पाहिजे आणि जिन्याचं दार लागलेलं पाहिजे. आगीच्या आधी धूर येतो." तेवढं पाठ झालं.

नायगावच्या चाळीतली माणसं नव्या टॉवरमध्ये आली, त्याच वर्षी मी बुलढाण्याकडून येऊन तिथे कामाला लागलो. चौदाव्या मजल्यावरच्या आजींनी चाळीतलं लाकडी बाकडं आणून जिन्याच्या वळणावर मांडलं, आणि जिन्याचं जड दार वरवंटा लावून उघडं ठेवलं. का, तर जाणारं-येणारं माणूस दिसावं, दोन शब्द बोलावं.

"आजी, हे दार बंद पाहिजे. नियम आहे."

"दार लावन बसाक आमी काय चोर आसंव? बस हय. जेवलस काय?"

मी बसायचो. या शहरात मला जेवलास का म्हणून पहिल्यांदा विचारलं ते त्यांनीच. त्यांची सोलकढी पिऊन वर नियम कुठल्या तोंडाने सांगू? पण जीवाला चैन नसायचं. आजींचे गुडघे गेलेले. उद्या धूर झाला, लिफ्ट बंद पडली, तर त्यांना उचलूनच न्यावं लागणार. वरवंटा दिसला की हेच मनात यायचं. मी तो उचलून आत ठेवायचो. संध्याकाळी परत दारात.

मग सोसायटीने आग लागली तर खाली उतरण्याचा सराव ठेवला. रविवारी सकाळी घंटा वाजली. मी आणि आजींच्या मुलाने त्यांना खुर्चीत बसवून उचललं.

"वरात काढतत माझी!" आजी खूश.

दारातून बाहेर पडलो, वळलो आणि अडकलो. बाकड्यापुढून खुर्ची काही जाईना. मागे वरच्या मजल्यांवरची माणसं येऊन थांबली. त्यात एक बाई, तिच्या कडेवर तान्हं. मुलाने बाकडं ओढलं तर ते कठड्यात रुतलं. शेवटी मागच्या दोघांनी ते डोक्यावरून वर नेलं, तेव्हा वाट झाली. आजी हसायच्या थांबल्या होत्या. मान वळवून त्या तान्ह्याकडे बघत होत्या.

खाली पोचल्यावर म्हणाल्या, "माझोच बाकडो आडवो इलो रे."

"आजी, नुसता सराव होता."

"म्हणानच वाचलंव."

दुपारी बाकडं त्यांनीच खाली धाडलं, माझ्या केबिनशेजारी भिंतीला लावायला. वरवंटा पाट्यावर गेला. आता चारच्या सुमारास त्या लिफ्टने खाली येतात आणि फाटकातून येणाऱ्या प्रत्येकाला थांबवतात. मी राउंडला वर जातो. चौदाव्याचं दार लागलेलं असतं, तरी दोनदा ढकलून बघतो. माझा स्वभावच तसा.

खाली आलो की आजी विचारतात, "लागलाहा ना दार?"

हो म्हटलं, की सरकून मला जागा देतात.