पूजेतला पाना

आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते. जव्हारला माझं गॅरेज होतं, आणि हाताखाली म्हणण्यापेक्षा डोक्यावर एक मिस्त्री होते, चाचा. माझ्या वडिलांच्या वयाचे, तरी मला शेठ म्हणायचे.

खंडेनवमीला पाने, हातोडे धुऊन, हळदकुंकू वाहून पूजेला मांडले. दुसऱ्या दिवशी सोनं लुटेपर्यंत ते उचलायचे नाहीत, असा आमचा रिवाज. त्याच दुपारी कंपनीचं पत्र आणि पार्सल आलं. ब्रेकच्या सिलिंडरमधली ठरावीक रबरं तेलात फुगून फाटतात, ती काढून परत पाठवा, सोबतची नवी बसवा, तोवर गाडी चालवू देऊ नका. इंग्रजी मला एकट्यालाच येत होतं. मी चाचांना वाचून दाखवलं.

ती रबरं महिन्यापूर्वीच गावातल्या दोन गाड्यांत आणि खोडाळ्याच्या एका जीपमध्ये आम्ही बसवली होती. जीप दारातच उभी होती, सकाळी निघणार होती.

चाचा म्हणाले, "शेठ, दो घंटे का काम है. पाना मैं उठाता हूँ. पाप लगा तो मेरे को लगेगा."

"पूजेला हात लावायचा नाही," मी म्हणालो.

देवाचं निमित्त होतं. खरं म्हणजे 'कंपनीचा माल आहे, डोळे मिटून चालव' असं मीच त्या जीपच्या ड्रायव्हरला सांगितलं होतं. आता तोंड पाडून चूक कबूल करायला नको होती.

दसऱ्याला सकाळी ड्रायव्हर झेंडूचा हार घालून जीप न्यायला आला.

"हळू जा," मी एवढंच बोललो.

"हळूच जातो, शेठ. आमच्या गाडीत बसलेला उतरताना म्हातारा होऊन उतरतो."

मोखाड्याच्या अलीकडच्या उतारावर ब्रेक गेला. मी पोचलो तेव्हा जीप कातळावर चेपलेली होती. स्टिअरिंग ड्रायव्हरच्या छातीत घुसलं होतं. मागे बसलेली दाभोशाची बाई दगडांत पडली होती, तिचं डोकं फुटलं होतं. तिची नागलीची पिशवी फाटून दाणे रक्तात चिकटले होते.

मी गॅरेजवर परतलो, पाठोपाठ ड्रायव्हरचा भाऊ दहा-बारा जणांना घेऊन आला.

"ब्रेक कुणी बसवला?"

सगळ्यांनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी माझ्याकडे. पत्र माझ्या खिशात होतं. मी खाली पाहिलं.

त्यांनी चाचांना लाथांनी तुडवलं. मग भावाने पूजेतलाच मोठा पाना उचलला, कुंकवासकट. दोघांनी चाचांचा उजवा हात ओट्यावर दाबून धरला. तीन घाव. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि जागचा हललो नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा चाचा म्हणाले, "जॅक सटक गया."

महिन्याने त्यांच्या घरी गेलो. बोटं वाकडीच राहिली होती. त्यांनी एकच विचारलं, "बाकी गाड़ियों के रबर बदले ना?"

बदलली होती. दसऱ्याच्याच संध्याकाळी, माझ्या हातांनी.

पुढे काही वर्षांनी चाचा वारले. त्यांच्या शेजारपाजाऱ्यांना अजून वाटतं, मिस्त्रीच्या चुकीने माणसं मेली. ड्रायव्हरचा भाऊ खोडाळ्यालाच असतो, त्यालाही तेच वाटतं. हे लिहिलेलं आणि ते पत्र मी आधी त्याच्याकडे नेणार आहे. तोच पाना अजून गॅरेजच्या दर्शनी भिंतीवर आहे. कुठे टांगलाय, त्याला ठाऊक आहे.