वन्संचा आवाज

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या लेकीलाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही — आणि आता मनात ठेववत नाही.

सोलापुरात नव्या पेठेत आमचं चादरींचं दुकान, वर घर. अख्ख्या गल्लीत टेलिफोन आमच्याकडेच. थोरल्या नणंदेला, वन्संना, पुण्याला दिलेलं. लग्नात मानपानावरून भांडण झालं आणि सासरच्यांनी त्यांना परत माहेरी पाठवलंच नाही. जावई भला माणूस. महिन्यातून एकदा आपल्या कचेरीतून गुपचूप फोन लावून द्यायचा.

पण तोवर आत्याबाई — माझ्या सासूबाई — पार बहिऱ्या झालेल्या. मामंजींनी मुंबईहून कानाचं यंत्र आणलं होतं : छातीवर टांगायची काळी डबी, कमरेला बॅटरीची पिशवी, कानात घालायची गुंडी. डबीशी बोललं की त्यांना छान ऐकू यायचं. टेलिफोनवर मात्र पंचाईत! रिसीव्हर कानाला लावावा तर कानात गुंडी. गुंडी काढावी तर सगळंच बंद.

म्हणून मला हाक यायची. मी ऐकायचं आणि तेच डबीत बोलायचं. "काय म्हणतीया गं ती? लौकर सांग की!" आत्याबाई माझा दंड धरून असायच्या. ज्या घरात माझी भाकरीसुद्धा नावं ठेवून खाल्ली जायची, तिथं तेवढा वेळ मी — मी! — सगळ्यांत महत्त्वाची असायची.

एका दुपारी आत्याबाई झोपलेल्या. मी गंमत म्हणून यंत्र अंगावर चढवलं, गुंडी कानात घातली. तेवढ्यात भिंतीवरच्या टेलिफोनची घंटा वाजली. धावले, आणि घाईत रिसीव्हर डबीवर टेकला — अगं बाई! कानात माणूसच शिरला! एक्स्चेंजवाला लाइन तपासत होता, त्याचा शब्दन् शब्द ठणठणीत! म्हटलं, भाऊ, जरा आकडे म्हणा की. "बाई, बरं हाय न्हवं?" म्हणाला, पण मोजले बिचाऱ्यानं. रिसीव्हर डबीला घासला की करकर व्हायची, दूर धरला की आवाज जायचा. मग घोंगडीचा तुकडा दुमडून मधे धरला — करकर गायब! डबी उभी ठेवायची, तुकडा हलू द्यायचा नाही, बस्स! यंत्र विकणाऱ्या मुंबईच्या साहेबाला सुचलं नाही ते मला सुचलं, मराठी चौथी नापास बाईला! मी माजघरात चक्क नाचले. आजही ते आठवलं की अंगात तसंच वारं भरतं. खोटं कशाला बोलू?

आत्याबाईंना उठवायला धावले. दारापर्यंत गेले — आणि थांबले. आता मायलेकी आपापल्या बोलतील. मग मला कोण बोलावणार?

यंत्र जागेवर ठेवलं. तुकडा चुलीत टाकला.

एवढंच असतं तर नुसती गप्प बसले, असं म्हणता आलं असतं. पण पुढच्याच फोनला मामंजींना तीच युक्ती सुचली. "डबीलाच लावून बघ की," म्हणाले. आत्याबाईंचे डोळे असे चमकले — काय सांगू! मी लावला. मधे काही न धरता, दाबून. आणि हळूहळू घासत राहिले.

आत्याबाईंनी किंचाळून गुंडी उपसून काढली. डोळ्यांत पाणी. "नगं बाई. न्हाय जमायचं. तूच सांग."

मी सांगितलं. किती हौसेनं सांगितलं!

त्यानंतर त्या सात वर्षं जगल्या. पुन्हा कुणी तो खटाटोप केला नाही. एकदा भाजी निवडताना मला म्हणाल्या, "पोरीचा आवाज आता कसा झालाय गं?" मी म्हटलं, तसाच आहे.

तसाच नव्हता. दरवर्षी जड होत गेला होता, किंचित घोगरा. शेवटी शेवटी तर हुबेहूब आत्याबाईंचा. त्या गेल्यावर वन्संचा फोन आला, तेव्हा रिसीव्हर माझ्या हातातून पडला होता — पलीकडून आत्याबाईच बोलत होत्या. आपला आवाज लेकीनं घेतलाय हे त्या माउलीला कधी कळलं नाही. मी कळू दिलं नाही.